अक्षरी रुपये

फॉर्ममध्ये एक चौकट आहे:
मागितलेली भरपाई, आकड्यात. त्याखाली, अक्षरी.
अत्तार वकीलबाई म्हणतात, काका, आकडा तुम्ही सांगा,
कलमं मी बघते.

आकडा मला येतो.
तांबट आळीत चाळीस वर्षं हेच केलं.
घंगाळ काट्यावर ठेवायचं,
वजन गुणिले भाव, अधिक मठारकामाची मजुरी,
जुनं मोडीत आलं असेल तर घट वजा.
गिऱ्हाईक घासाघीस करतं, आपण चहा मागवतो,
सौदा होतो.

पोरगी काट्यावर कशी ठेवू?

मृण्मयी. नाव आत्यानं ठेवलं, सगळं जोडाक्षरांचं,
आता तिचं तिलाच म्हणता येत नाही.
अकरावीत अक्षर बारीक होत गेलं, मुंगीएवढं.
मग वाटी ताटावर वाजायला लागली.
डॉक्टर खुर्चीतून न हलता म्हणाले, परीक्षेचा ताण.
पुढच्या वर्षी, लक्ष वेधून घेते.
त्याच्या पुढच्या वर्षी गोळ्या,
त्यांनी मान एका बाजूला वळली ती वळलीच.
तेही मनाचंच, म्हणाले.
चार वर्षं.
फायलीत सगळं आहे, पान सत्तावीस ते एकशे नऊ.

फायलीत नाही ते असं:
कुणीतरी म्हणालं, तांब्यातलं पाणी डोकं शांत ठेवतं.
कुणीतरी कशाला, मीच म्हणालो.
माझ्या हातचा तांब्या, पोटावर ठोके मोजून एकसारखे,
रात्री भरून तिच्या उशाशी,
पहाटे मी स्वतः पाजायचो
हनुवटीखाली पंचा धरून.

कळलं ते टिळक रोडला, चष्म्याचा नंबर काढताना.
डोळ्यांची डॉक्टर नवीनच होती.
यंत्रातून एकदा पाहिलं, परत पाहिलं,
दिवा बारीक केला आणि गप्प झाली.
बुबुळाच्या काठाला कडं.
मलाही बोलावून दाखवलं.
तो रंग मला कुणी सांगायला नको होता.
भट्टीतून काढलेलं भांडं निवताना काठाला येतो, तोच.

तिच्या अंगातून तांबं बाहेर जात नाही.
साठतं. आधी लिव्हरमध्ये, मग मेंदूत.
पहिल्याच वर्षी कळतं तर रोजच्या गोळीवर
सायकल हाणत कॉलेजला गेली असती.

नोटिशीला हॉस्पिटलचं उत्तर आलं:
तक्रारदाराच्या घरी धंदाच तांब्याचा आहे.
अत्तारबाई चिडल्या. धंद्याचा काय संबंध,
दोष जन्माचा असतो, काका,
निम्मा आईकडून, निम्मा बापाकडून. हे मी ठणकावून मांडते.
त्या आमच्याच बाजूनं बोलत होत्या.
मी फरशीकडे बघत राहिलो.
मग विचारलं, सामनेवाले क्रमांक एक हॉस्पिटल,
दोन डॉक्टर.
तीन नंबरला माझं नाव घालता येतं का?
त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. प्लॅस्टिकची.
हल्ली आमच्या घरीही पाणी स्टीलमध्ये असतं.
आळीतलं एकमेव घर.

आज दाखल करायला आलो.
कारकून म्हणाला, वकीलपत्रावरची सही
आणि प्रतिज्ञापत्रावरची, जुळत नाहीत.
मी तोंड उघडायच्या आत
मृण्मयीनं काउंटर धरला.
एकेक शब्द तिला विहिरीतून शेंदावा लागतो.
रांग थांबली. मागच्या माणसानं मोबाइल खिशात ठेवला.

जुळल्या असत्या
तर
आलेच नसते.

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
शिक्का शोधायला लागला, तो समोरच होता.
मग पान उलटून, जरा हळू आवाजात,
अक्षरी राहिलंय, म्हणाला.

पेन मी काढलं होतं.
ते तिनं घेतलं.
अकरा मिनिटं लागली, भिंतीवर घड्याळ आहे.
चौकटीत मावलं नाही,
लाखमधला ख
समासात गेला.